फ्लॉपीची पूजा

कर्र, कर्र. फ्लॉपी घासल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वडशाच्या शाळेत मी शिपाई होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या मास्तरीणबाईंनी एका उन्हाळ्यात स्वतःच्या आईच्या तोंडून धानाच्या रोवण्याची गाणी ऐकून सरळ कॉम्प्युटरमध्ये उतरवली. त्याच उन्हाळ्यात त्यांची आई वारली. बाईंनी गाण्यांची फ्लॉपी माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "भाऊ, कपाटात ठेवा. मशीनचा भरोसा नाई."

दिवाळीनंतर कुणाच्या तरी गेमच्या फ्लॉपीतून व्हायरस आला आणि कॉम्प्युटर कोरा झाला. मी रडकुंडीला आलो, तर बाईच हसल्या. "काऊन घाबरता भाऊ? तुमच्याजवळ आहे ना गाणे. आणा."

मी आणली. मशीनमध्ये घातली, तर नुसतं कर्र, कर्र. बाईंनी ती बाहेर काढून पत्र्याची झडप सरकवली. आत कुंकू होतं.

"हे काय जी, भाऊ?"

"दसऱ्याले सगळ्या अवजारांची पूजा केली, बाई. मनलं, याच्यात तुमची माय आहे. वरवर कसं वाहू? झडप उघडून आतच हळदकुंकू वाहिलं."

बाईंनी फ्लॉपी पदराने हळूच पुसली, पर्समध्ये ठेवली आणि निघून गेल्या.