रिकाम्या ऐरणीवरचा टोला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सचिव माननीय बाळासो दादा, आदरणीय मुख्याध्यापक कृष्णात सर, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते कार्यशाळेचे परिचर आकाराम मामा, शेजारी मघापासून पदर सावरत बसलेल्या धोंडुबाई मामी, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

पाहुण्यांसाठी सांगते, मी दीक्षा बाई. आठवी ते दहावीच्या मुलांना तांत्रिक विषय शिकवते. लाकूडकाम, फिटिंग आणि लोहारकाम. वर्गात मी मोठ्यानं बोलते अशी तक्रार आहे. माईक जरा लांब धरते.

मघापासून सगळे मामांना शुभेच्छा देताहेत. आता आराम करा, नातवंडांत रमा, मलकापूरकडचं शेत बघा. छानच आहे. मामांचं सगळं मार्गी लागलंय. पण निरोप ज्याला देतात तो गावाला जातो, घरी जातो. मागं जो राहतो त्याचं काय, हे कुणी विचारतं का? नाही विचारत. म्हणून मीच सांगते.

मी एक्क्याण्णव साली इथं रुजू झाले. बाई लोहारकाम शिकवणार म्हटल्यावर गावातली माणसं खिडकीतून बघून जायची. शिक्षकखोलीत माझ्या साडीला भट्टीचा वास येतो म्हणून माझी खुर्ची हळूहळू दाराकडे सरकत गेली. पुरुष शिक्षक चहाला निघाले की बाईमाणसाला कसं बोलवायचं म्हणून बोलवायचे नाहीत. कृष्णात सर, तुम्ही तेव्हा नव्हता, तुम्ही मान खाली घालू नका! एके दिवशी मी डबा घेऊन कार्यशाळेत जाऊन बसले. मामांनी भट्टीच्या कडेला पातेलं ठेवलं आणि म्हणाले, "बाई, च्या घ्या. धुराचा हाय, पर गरम हाय." तेव्हापासून मी तोच चहा पीत आले.

आता थोडं कामाचं सांगते, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही. लोहारकाम एकट्याचं नसतं. एकजण सांडशीत तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो आणि दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीनं घाव कुठं घालायचा ते दाखवतो. दुसरा घण मारतो. भट्टीच्या पंख्याचा आवाज एवढा की बोललेलं ऐकूच येत नाही. म्हणून मामांनी शिरोलीतल्या आपल्या जुन्या दुकानातून एक रीत आणली होती. लहान हातोडी लोखंडावर वाजली की मार. रिकाम्या ऐरणीवर वाजली की थांब. तो टोला आल्याशिवाय घणवाल्यानं आपल्या मनानं थांबायचं नाही, कारण लोखंड धरणाऱ्याच्या हातात असतं, कधी पुरे ते त्यालाच कळतं.

ही रीत मला पहिल्या दिवशी कुणी सांगितली नव्हती. समोर चाळीस पोरं, मी घाबरलेली, आणि मला सवय काय, तर दोन घावांच्या मध्ये ऐरणीवर टिकटिक करायची. मामा एक घाव घालायचे आणि घण खाली ठेवायचे. पुन्हा एक घाव, पुन्हा खाली. लोखंड गार झालं. शेवटी मामा वैतागले, "बाई, मारा म्हंतायसा आन् लगीच थांबा म्हंतायसा. मी करू तरी काय?"

"मी कधी म्हटलं थांबा?"

"सारखं वाजवतायसा की!"

पोरं हसून हसून बाकांवर पडली. त्या दिवशीची छिन्नी अजून कपाटात आहे. तिला धारही नाही आणि आकारही नाही.

माझी आई गेली तेव्हा घरात मी एकटीच उरले. पुन्हा शाळेत आले तर ज्यानं त्यानं धीर देणारं बोलून घेतलं. मामांनी मात्र भट्टी पेटवली, घण उचलला आणि म्हणाले, "बाई, धरा." तास नव्हता, मुलं नव्हती. आम्ही भंगारातली एक सळई घेऊन ठोकत बसलो. मी रडत होते आणि त्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. मामांना कळलं असेल.

आता मामांच्या जागी नवा माणूस मिळणार नाही. जूनपासून भट्टीच्या खोलीत संगणक येताहेत. येऊ देत, माझं त्यांच्याशी वैर नाही, पोरांना ते शिकायलाच हवं. पण संगणकापुढं माणूस एकेकटा बसतो. भट्टीला दोघं लागायची. मला त्या दुसऱ्या माणसाची सवय झाली आहे, आणि मला फार एकटं वाटणार आहे. सभेत असं बोलतात की नाही, मला माहीत नाही.

काल नववीचं शेवटचं प्रात्यक्षिक झालं. मी धरलं, मामांनी घण घेतला. छिन्नी झाली, टोकही छान आलं. आता मी ऐरणीवर टोला द्यायचा, की संपलं. माझा हात उचलेना. मामा मारत राहिले. लालाचं काळं झालं तरी मारत राहिले. पोरांतली पूर्णिमा ओरडली, "बाई, थंड झालं की लोखंड!" मला ऐकू येत होतं. तेव्हा मामांनी माझ्याकडे बघितलं आणि आपणहोऊन घण खाली ठेवला. इतक्या वर्षांत माझ्या टोल्याशिवाय ते पहिल्यांदाच थांबले.

मला रात्रभर ते लागून राहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर रीत पाळली, त्याला जाताना माझ्यापायी ती मोडून जावं लागू नये.

दादा, या टेबलावर फडक्याखाली काय झाकलंय असं आपण मघाशी विचारलंत. ऐरण पोरांना उचलेना, म्हणून तिच्याऐवजी हा रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणलाय. हातोडी माझीच आहे.

आपण सगळ्यांनी माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. धोंडुबाई मामी, इतकी वर्षं तुमचा माणूस आम्हाला दिलात, तुमचे आभार कसे मानू? बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मानपान राहिला असेल, तर पोटात घालावं.

मामा, हाय का ध्यान? इकडं बघा.

हा टोला कालचा.

बास, मामा. थांबा आता.