फुलं तपकिरी

नाही, नाही, ते नका घेऊ — म्हणजे घ्या, दुकान काही माझं नाही — पण आधी एक करा, ताई. तुमच्या दारातलं झाड कोणतं? रोज बघता ते, नाव पक्कं माहीत असलेलं. आता ते या पुस्तकात शोधा. नाव विसरून, नुसत्या पानावरून, सालीवरून. नाही ना सापडत? मग! ओळखीचं झाड सापडत नाही तिथं अनोळखी काय सापडणार, कप्पाळ? सगळं फुलांवरून लावलंय. फुलं वर्षातून पंधरा दिवस, मग उरलेलं वर्षभर झाडानं काय बिननावाचं उभं राहायचं? त्यापेक्षा हे शेजारचं बघा, हिरव्या पुठ्ठ्याचं — पानांपासून सुरुवात, सालींचे फोटो, पिशवीत मावतं — किती वाजले? असू दे, मला कुठं जायचंय. शाळेत शिकवता? मुलांना घेऊन हिंडणार? मग तर ते मुळीच नको.

पान एकशे बारा काढा. वाचा. ‘फुलं तपकिरी, झुपक्यांनी.’ चूक! पांढरी असतात, दुधासारखी. आमच्या फाटकाशीच आहे ते झाड. मग तपकिरी कुठून आली? तर लेखकमहाशयांनी झाडाकडे मान वर करून पाहिलंच नाही. कपाटातले वाळवलेले नमुने काढले, भिंग लावलं, पाकळी मोजली, देठ मोजला — मोजमाप अगदी बिनचूक हो! — आणि रंग लिहिला कागदावर दिसला तो. वर्तमानपत्रात चार वर्षं दाबलेलं फूल तपकिरीच होणार. तुम्हीआम्हीसुद्धा झालो असतो. आणि हा गृहस्थ रोज कामाला जायचा त्याच झाडाखालून. संध्याकाळी बायको त्याच्या खांद्यावरची फुलं झटकायची. मला कसं माहीत? शेजारी — शेजारीच म्हणा.

पण तेवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! हेच महाशय कॉलेजात शिकवायचेही. तिथं एका मुलीनं परीक्षेत लिहिलं, ‘पांढरी’. त्याला शून्य. दुसऱ्या दिवशी फांदी घेऊन आली, सरांच्या टेबलावर ठेवली. सर म्हणाले, ही जात वेगळी. वेगळी कसली? पण पुस्तक छापून झालं होतं ना! छापलेलं चुकत नसतं म्हणालो — म्हणाले, सर म्हणाले. तिनं विषयच सोडला. हुशार होती हो. आणि ती फांदी तशीच पडून राहिली टेबलावर, आठवडाभर. फुलं तपकिरी झाली. बरंच वाटलं तेव्हा, काय सांगू तुम्हाला — बरं वाटलं!

हळू. मालक ऐकतील. त्यांना वाटतं मी भाचरांना भेट द्यायला नेतो. दर महिन्याला येतो, असतील तेवढ्या प्रती घेऊन जातो, लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून. सदतीस आहेत पलंगाखाली. बायको म्हणते, अहो, केरसुणीपुरती तरी जागा ठेवा. आणि झालं काय? पुस्तक खपतंय म्हणून मालक पुन्हा मागवतात, आणि प्रकाशक नवी आवृत्ती काढतोय! हसा, हसा. दुरुस्त्या कळवा म्हणून त्याचं पत्र आलंय. तीन आठवडे झाले. एक शब्द बदलायचा, एक. पण तो बदलला की त्या मुलीचं शून्य खोटं ठरतं, आणि मग — पुस्तक उलटून मागे काय बघताय? तो फोटो जुना आहे. केस होते तेव्हा. चष्माही दुसरा…

हं. मीच.

आता तरी ठेवा ते खाली. हेच हवंय? अहो, इतकं घसा कोरडा करून सांगितलं, आणि — पेन कशाला? इथं? दुकानातल्या पुस्तकावर? मालक, ही प्रत विकली गेली बरं का! द्या. ‘तपकिरी’ खोडलं. वर ‘पांढरी’. झालं. घ्या. आता काय? सही? सही कशाला, दुरुस्ती केली ना — हो, तेही खरंच. कुणीतरी रेघोट्या ओढल्यात असंच वाटेल. एखादं पोर विचारील, बाई, पुस्तक खरं की पेन?

द्या इकडे.

…घ्या. आणि जा आता. आभार कसले मानता, जा म्हटलं ना — अहो, मिटू नका! शाई ओली आहे.