मागनं हाक

कुत्रं पाळायचं म्हणतोयस गड्या? आधी चहा घे, मग माझं ऐक.

चौऱ्याहत्तर साली मिलिटरीतनं सुटलो आणि लिलावात जुनी अँब्युलन्स घेतली. आत खाट टाकली, स्टोव्ह बसवला. उन्हाळ्यात बायको, मांजर आणि मोत्या कुत्र्याला घेऊन सांगलीहून कोयनेला निघालो. वाटेत तासगावला सासुरवाडीत जेवलो. तिथनं निघाल्यावर मांजर पेटीत असं केकाटायला लागलं की दुसरं काय ऐकूच येईना. मोत्या खाटंखाली झोपला असंल, म्हटलं. कोयनानगरला मागचं दार उघडलं, तर मोत्या न्हाई!

तसाच तासगावला माघारी आलो. मेव्हणा म्हणाला, "व्हय दाजी, गाडीमागं लय लांबवर पळत गेलं की ते."

"मग हाक मारायची न्हाई व्हय रं?"

"निघालेल्याला मागनं हाक मारू नये. आक्कानंच शिकवलंय."

आक्का म्हणजे माझी बायको.

मेव्हण्याला गाडीत घातला. पार कराडपातूर मागच्या दारात उभा राहून तो मोत्याला हाका मारत होता. घसा बसला तसा थांबला.

मान न वळवता बायको म्हणाली, "मार की. गेलेल्याला आता कसला अपशकुन?"