टाचेवरचा डाग

आदरणीय अध्यक्ष कृष्णनाथबाब, मंचावरील मान्यवर, वाचनालयातून आज निवृत्त होणाऱ्या ग्रंथपाल सुविधाबाय आणि मुळगावच्या बंधू-भगिनींनो,

हे मी चार महिन्यांपूर्वीच बोलायला हवे होते. उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो. मी सगुण, मराठी तिसरीपर्यंत शिकलेला. मघाशी अध्यक्षांनी कानात सांगितले, "दोनच मिनिटे, आणि तो शब्द काढू नका." तरी काढतो.

जुन्या इंग्रजी कोशात सुविधाबायना पटकीच्या रोगासाठी 'मॉर्डिशीन' असा शब्द सापडला. आज तो इंग्रजांनाही ठाऊक नसेल. बाय थेट माझ्या अंगणात आल्या. म्हणाल्या, "सगुणकाका, असे काही कधी ऐकले आहे?"

ऐकले? मी चप्पल काढून टाच दाखवली. आठ वर्षांचा होतो. जुलाब, ओकाऱ्या, पायांत गोळे. गंगाआतेने विळा तापवला. "हालूं नाका रे पुता, मोडशी आतां धांवतली," म्हणाली आणि टाचेला डाग दिला. मोडशीवर, म्हणजे पटकीवर, तेव्हा हाच उपाय. मी डागाने वाचलो की आपोआप, देव जाणे. तुम्ही मुलांना दवाखान्यातच न्या.

हीच मोडशी आमच्या तोंडून पोर्तुगिजांनी उचलली, त्यांच्याकडून इंग्रजांनी. बायनी जुनी प्रवासवर्णने धुंडाळली, त्यांतही टाचेचा डाग निघाला. त्यांनी लेख लिहिला. आमच्या वाचनालयाच्या स्मरणिका समितीने तो कुणा विद्वानाला दाखवला. उत्तर आले, शब्द फ्रेंच आहे, अर्थ कुत्र्याचे मरण, आणि अडाणी म्हाताऱ्याची टाच हा पुरावा नव्हे. चार महिन्यांपूर्वी लेख वगळला. बाय काही बोलल्या नाहीत. एकोणतीस वर्षे त्या वाचनालयात सर्वांना गप्प बसवत आल्या, त्यांनाच सवय लागली असावी.

मला ती सवय नाही. अध्यक्षमहाराज, गंगाआते कुत्र्यांना डाग देत नव्हती. माणसांना देत होती, आणि आम्ही जगलो. स्मरणिका अजून छापायला गेलेली नाही. तो लेख तिच्यात घ्या, आतेच्या नावासकट. काय ठरले ते लवकर कळवा. मला ब्याऐंशी पूर्ण झाली, वाट पाहायला फार दिवस नाहीत.

सुविधाबाय, तुमचे उपकार मोठे. आपण सर्वांनी ऐकून घेतले, आभारी आहे. बोलताना तोल गेला असेल तर पोटात घाला.

आणि कृष्णनाथबाब, पुरावा एकाच टाचेचा नाही. समोर दुसऱ्या रांगेत तुमचे वडील बसले आहेत. त्यांनी मघाशीच चप्पल काढून ठेवली आहे.