नळाशेजारचा पॉइंट

चहा घ्या तुम्ही, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. सिल्वासातल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये वायरमननं मिक्सरचा पॉइंट कुठे काढावा? सिंकच्या नळापासून वीतभर अंतरावर! मी कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. तिथं ओल्या जागेत नुसती एक्स्टेन्शन दिसली तरी काम थांबवतो, आणि माझ्याच घरात हे!

वायरमन रमणभाईला बोलावून विचारलं, "हे नियमात बसतं का?"

"साहेब, नियम कागदावर. सगळ्या बिल्डिंगमध्ये इथंच काढलाय."

"आणि शॉक बसला तर?"

त्यानं पाय उचलून दाखवला. "रबरची चप्पल घालायची. इतकी वर्षं काम करतोय, मला काय झालं का?"

माझी आई धुळ्याची. ती दारातून ऐकत होती. "चप्पल? स्वयंपाकघरात? आधी तुझी काढ बाहेर!"

रमणभाईनं ती दाराबाहेर काढून ठेवली.

"आता हात धू, आणि ही मिक्सरची पिन लाव."

हात धुतले. मग तो एकदा स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघतो, एकदा बोर्डाकडे. हात काही पुढे जाईना.

"माताजी, पहिले मेन स्विच बंद करतो."

"मेन बंद केल्यावर चटणी तू वाटणार का रे?"

आमचा पॉइंट त्याच दिवशी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. बाकीच्या घरांत मात्र तो अजून नळाशेजारीच आहे. आणि त्या घरांतही चप्पल घालून कुणी स्वयंपाक करत नाही.