पिंडामागचा सूर्योदय

जबाब, दि. २२ एप्रिल २०२५

मी, सौ. रत्ना चंदन पाटील, वय ४३ वर्षे, धंदा शेती व शिवणकाम, रा. पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर माझे सासर आहे. माहेर शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी आहे. माझे वडील पुना आबा वारले. काल त्यांचा दहावा होता. विधीला थोरला भाऊ लोटन बसला होता. भटजींना पुढे आणखी एका गावचा दहावा असल्याने आमचा अंधारातच उरकायला घेतला.

घाटावर प्रेमराज सोनार हे आधीच कॅमेऱ्याची तिपाई लावून उभे होते. धुळ्यात फरशीचे दुकान असून कॅमेरा नुकताच घेतला आहे, हे त्यांनी कोणी न विचारता सांगितले. पाण्यावरचा सूर्योदय काढायला आलो म्हणाले. आम्ही पिंड मांडल्यावर त्यांनी तिपाई उचलून आमच्या मागे आणून ठेवली. भटजींनी हटकले तेव्हा म्हणाले, "नुसता सूर्य काढू नये, पुढे काहीतरी हवं, असं मोबाईलवर शिकवतात." ते पुढचे काहीतरी म्हणजे माझ्या बापाचा पिंड होता. मला रडू येत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "ताई, हलू नका, छान आकृती येतेय." मग रडू गेले आणि राग आला.

कावळे येत होते, पण कॅमेरा वाजला की उडून जात. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याच्या मनात काही राहिले, असे आमच्याकडे मानतात. मग घरच्यांनी ते तोंडाने कबूल करायचे असते. भावाने हात जोडून सुरुवात केली. नातवाचे लग्न धूमधडाक्यात करीन म्हणाला. म्हातारी गाय विकणार नाही म्हणाला. बिडी सोडीन असेही म्हणाला, त्यावर भटजींनाच हसू आले. कावळा काही आला नाही. तेव्हा आमच्या फुई, म्हणजे वडिलांच्या बहीण झुंबरबाई, मोठ्याने म्हणाल्या, "लोटन, रत्नानं काय ते बोल ना रे. मरेल माणूस बठ्ठं ऐकस." म्हणजे मेलेला माणूस सगळे ऐकतो.

माझे काय ते असे की, विधी उरकल्यावर काल दुपारीच हक्कसोडपत्रावर माझी सही घ्यायचे भावाने ठरवले होते. त्यासाठी साडीही आणून ठेवली होती. फुईंचे ऐकून त्याला घाम फुटला. शेवटी म्हणाला, "आबा, रत्नाले हीरवालं वावर दिसू. आते तरी ये रे बाप!" म्हणजे विहिरीचे शेत मला देईन. त्याच वेळी सोनार हे खालून फोटो घ्यायला वाळूत पालथे पडले. कावळा आला आणि पिंडाला शिवला.

सोनारांनी उठून फोटो पाहिला व तोंड पाडले. सूर्य धुरकट आणि कावळा लख्ख आला होता. पुसून टाकतो म्हणाले. मी म्हटले, पुसू नका, मला द्या. भाऊ म्हणाला, "पुसी टाक. हाऊ माणूस आडवा पडना म्हनीसन कावया उना. मन्हं बोलनं धरानं नही." म्हणजे हा माणूस आडवा पडला म्हणून कावळा आला, माझे बोलणे धरायचे नाही. आम्ही भांडतो आहोत असे पाहून सोनारांना तोच फोटो एकदम चांगला वाटू लागला. ते कॅमेरा सोडेनात. भावाने तिपाई उचलून त्यांच्या पाठीत घातली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

फोटोवरून जमीन मिळते का, असे विचारल्यावरून सांगते की, मिळत नाही. बापाच्या जमिनीत मुलीचा हिस्सा कायद्यानेच असतो, त्याला कावळा लागत नाही. भाऊ कावळ्याला भ्याला, कायद्याला भ्याला नाही आणि मला तर कधीच नाही. त्याचे मला फार वाईट वाटते. सोनारांबद्दल माझी तक्रार नाही. फक्त पुढच्या वेळी त्यांनी एखादी होडी बघावी.

काल दुपारी घरी भाऊ हक्कसोडपत्र पुढे ठेवून "कर सही" म्हणाला. त्यात काय लिहिले आहे ते मला कोणी वाचून दाखवले नाही. त्यावर मी सही केलेली नाही. हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच लिहिला आहे. यावर सही करते.

(सही)
रत्ना चंदन पाटील