चुलीवरच्या माळ्यावर कॉलेजची पुस्तकां

माझां माहेर हर्णैचां. बापूस मासे खारवून सुकवायचा, आय विकायची, आमी पोरां उन्हात बसून कावळे हाकायची. शाळा कसली न् काय. लग्न होऊन रत्नागिरीत आले, तर आमचे हे कॉलेजच्या लायबरीत. लोक ग्रंथपाल म्हणायचे, पण नोकरी कच्ची, दर वर्षी नवा अर्ज. कायम व्हायचां, एवढांच त्यांच्या डोक्यात. झोपेतसुद्धा तांच.

काय सांगू बाय तुला, पन्नास सालानंतरचे दिवस ते, लायबरीचां छप्पर गळकां, आणि आमच्याकडचा पाऊस तुला ठाऊकच हाय. पुस्तकांना बुरशी, कसर, हे आपले फडक्यान पुसतायत आणि चरफडतायत. मीच बोलले, अहो घरी आणा की, चुलीवरच्या माळ्यावर ठेवू, धुराला कीड येत न्हाय, बियाणां न्हाय ठेवत आपण? हे हसले, बोलले, अगो ती पुस्तकां हायत, भात न्हाय. पण आणली. प्राचार्यांना विचारून हां, चोरून न्हाय. जाडजाड, सोनेरी नावांची, मला कुठे वाचता येतंय, मी पदरान पुसायची आणि रचून ठेवायची. एकाला म्हणून कसर लागली न्हाय. हे मला असिस्टंट म्हणायचे, चेष्टेन. मला बरां वाटायचां.

आता माळा एकच. दुसऱ्या कोपऱ्यात माझे सुके बोंबील आणि सोडे, पावसाळ्याची बेगमी. ती कुठे ठेवणार, तूच सांग? फडक्यात घट्ट बांधलेली होती.

मग युनिव्हर्सिटीची माणसां आली तपासणीला, म्हणून ह्यांनी पुस्तकां परत लायबरीत नेऊन मांडली. ती बरां लिहितील तरच हे कायम होणार. एका साहेबान पुस्तक उघडलां आणि नाकाला रुमाल लावला. बोलला, लायबरी हाय की मासळीबाजार? सगळे हसले, हे पण हसले म्हणे. पुस्तकां होती कुठे, विचारलां, तर बोलले, माझ्या घरी, मीच ठेवली. माझां नाव घेतलां न्हाय. हे सगळां मला शिपायाच्या बायकोन सांगितलां, ह्यांनी चकार शब्द न्हाय काढला.

त्या संध्याकाळी पाय धुऊन पाटावर बसले. मी बांगड्याचां सार वाढलां. ताट थोडां सरकवलां, बोलले, आजपासून मला नको. बस. अहो पण का? तर नको म्हटलां ना. ओरडले असते, मारलां असतां तरी चाललां असतां गो. मी सारातला चमचा तसाच धरून बसले. रडायला काय आलां न्हाय.

कायम झाले, पुढच्याच वर्षी. आळीत पेढे वाटले. छप्पर दुरुस्त झालां, पुस्तकां परत घरी आली न्हायत. माळ्यावरचां सगळां मी शेजारणीला देऊन टाकलां. एकटीसाठी कोण मासे साफ करत बसणार? वरण-भात, भाजी, ताक. संसार चांगला झाला हां, वाईट बोलू नये, मुलगा शिकला, कॉलेजची पोरां रस्त्यात वाकून नमस्कार करायची ह्यांना.

रिटायर झाले, म्हातारे झाले, शेवटच्या दुखण्यात अन्न जाईना. डॉक्टर बोलले, मागतील तां द्या आता. मी कानाशी जाऊन विचारलां, कोलंबीचां सार करू? थोडांसांच? डोळे मिटूनच बोलले, नको गो, उद्या कॉलेजात जायचां हाय.

मी बरां म्हटलां आणि पेज भरवली.

आता मुलगा मासळी आणतो, सून करते, माझ्या पानात वाढते, मी खाते. घरभर वास सुटतो म्हणे. मला येत न्हाय. तू बस बाय, दोन घास खाऊन जा, तुझां भलां होवो.